१९७९चा पावसाळा घ्या, बाकीचं आकाश सोडून द्या

वाचकाचं पत्र: “मी चोपड्याला एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘भास्कराचार्यांपासून चांद्रयानापर्यंत : अवकाश तंत्रज्ञानाचा इतिहास’ हा विषय घेतला. सर एवढंच म्हणाले, ‘इतलं मोठं कसाले?’ साठ-सत्तर पानं लिहायची आहेत आणि हातात चार महिने आहेत. इस्रो बंगळुरूला, मी इथे. जवळ फोन, कॉलेजचं ग्रंथालय आणि एसटीचा पास. गणित दहावीनंतर सुटलं. आतापर्यंत शंभरेक पानं उतरवून काढली, पण ती सगळी सारखीच वाटतात. मुखपृष्ठावर बैलगाडीवर ठेवलेल्या पहिल्या रॉकेटचा फोटो टाकायचा आहे. विषय बदलू की असाच रेटू?”

ताई, विषय बदलू नका, पण कापा. आणि कापताना हात आखडू नका.

शंभर पानं सारखी वाटतात कारण ती सारखीच आहेत. अवकाशाच्या इतिहासावरचा बराचसा लोकप्रिय मजकूर एकाने दुसऱ्याचा उतरवलेला असतो: केरळात थुंब्याच्या रॉकेट-तळावरचं चर्च, सायकलवरचं रॉकेट, आर्यभट्ट उपग्रह, मग थेट चांद्रयान. मराठ्यांच्या इतिहासात याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, बखर. घटना घडून गेल्यावर, शेवट काय झाला हे माहीत असलेल्या माणसाने, कुणाच्या तरी गौरवासाठी लिहिलेली हकिगत. बखर खोटीच असते असं नाही, पण तिच्यावर इमारत उभी करत नाहीत. इमारत उभी राहते त्या दिवशीच्या अस्सल कागदावर. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्यांच्या नावाने ते उभं राहिलं त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगावची दप्तरं धुंडाळली ती याच फरकापायी. रॉकेटचंही दप्तर असतं. निवृत्त शास्त्रज्ञांची आत्मचरित्रं आणि वर्धापनदिनाचे गौरवग्रंथ ही बखर. वार्षिक अहवाल, संसदेतली प्रश्नोत्तरं, अपयशाची चौकशी आणि दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र हे अस्सल. तुमच्या प्रकल्पाची खरी कसोटी ही दोन ढिगांतली वर्गवारी आहे.

भास्कराचार्यांचं आधी निकालात काढू, कारण खानदेशात हा मोह होणारच. चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दानं मिळाली, असं त्यात आहे. ज्योतिषाच्या शिक्षणाचा इतका स्पष्ट पुरावा फार थोड्या गावांना लाभतो. पण त्याचा रॉकेटशी काहीही संबंध नाही. ग्रहांची स्थिती वर्तवणं आणि जड वस्तू सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने ढकलणं ही दोन वेगळी शास्त्रं आहेत. एकाच प्रकरणात दोन्ही बसवलीत तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच टाकतील. पाटण तुमच्या प्रकल्पात येईल, पण नावापुरतं. कसं ते खाली पाहू.

आमची सूचना अशी: १९७९च्या पावसाळ्यातले तीन महिने घ्या. ७ जूनला सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार तळावरून, त्यांच्याच रॉकेटवर, ‘भास्कर’ हा भारताचा उपग्रह कक्षेत गेला. ११ जुलैला अमेरिकेचं ७७ टनांचं स्कायलॅब हे अंतराळस्थानक कोसळलं. १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे आपलं पहिलं उपग्रहवाहक उडालं आणि बंगालच्या उपसागरात पडलं. एक वर गेला, एक वरून आलं, एक मधूनच परतलं. उपग्रह बांधता येतो पण तो वर नेता येत नाही, ही देशाची त्या वेळची अवस्था या तीन तारखांत पूर्ण दिसते. साठ पानांना हे पुरून उरेल.

सगळ्यात जास्त पानं एसएलव्ही-३ला द्या. उंची २२ मीटर, वजन १७ टन, चार टप्पे, चारही घन इंधनाचे, आणि एवढ्या खटाटोपातून कक्षेत न्यायचे ४० किलो. भागाकार करून पाहा: वर जाणाऱ्या एका किलोमागे जमिनीवर ४२५ किलो.

चार टप्पे कशाला, हे समजून घ्यायला दहावीचं गणित आणि फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. रशियन शिक्षक त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये छापलेलं समीकरण सांगतं की रॉकेटला मिळणारा वेग म्हणजे वायू बाहेर पडण्याचा वेग गुणिले (भरलेलं वजन भागिले रिकामं वजन) याचा नैसर्गिक लॉगरिदम. घन इंधनाचा वायू साधारण सेकंदाला अडीच किलोमीटरने बाहेर पडतो. कक्षेचा वेग ७.८, गुरुत्वाकर्षण आणि हवा यांत वाया जाणारा दीड धरला तर एकूण लागतात ९.३. ९.३ भागिले २.५ म्हणजे ३.७२, लॉगरिदम उलटवायला कॅल्क्युलेटरवर ई (e, सुमारे २.७२) चा ३.७२ वा घात काढा, येईल ४१. म्हणजे एकाच टप्प्यात जायचं तर ४१ किलोपैकी ४० किलो इंधन, आणि उरलेल्या एका किलोत नळकांडं, नोझल, यंत्रं आणि उपग्रह. असं नळकांडं कुणी बनवू शकत नाही. तेच काम चौघांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २.३ किलोमीटर येतात आणि गुणोत्तर होतं अवघं अडीच. जळून रिकामा झालेला टप्पा टाकून द्यायचा, हीच मेख. ४१ आणि ४२५ यांतला फरक मुख्यतः या टाकलेल्या नळकांड्यांच्या वजनाचा. एवढं एक पान स्वतः सोडवून परिशिष्टात लावा. इतिहासाच्या विद्यार्थिनीने आकडा तपासलेला दिसला की बाकीच्या मजकुरावरही विश्वास बसतो.

आता ते पडलं का? घन इंधन एकदा पेटलं की थांबवता किंवा कमी-जास्त करता येत नाही, दिवाळीच्या बाणासारखंच. म्हणून दिशा सांभाळायला निराळी सोय लागते. दुसऱ्या टप्प्यावर ती द्रव रसायनांची होती आणि त्यात नायट्रिक आम्ल होतं. तिथली एक झडप उघडी राहिली आणि आम्ल गळून गेलं. टप्पा पेटला, जोरही मिळाला, पण सुकाणू नव्हतं. उड्डाणानंतर ३१७ सेकंदांनी सगळं समुद्रात. रॉकेट फुटलं किंवा इंधन कमी पडलं असं कुठे वाचलंत तर तो लेख बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, त्याच जातीच्या दुसऱ्या रॉकेटने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेला.

इस्रोच्या अधिकृत भाषेत १९७९चं उड्डाण ‘अंशतः यशस्वी’ आहे. समुद्रात पडलेल्या रॉकेटला हे विशेषण कसं लागलं, यावर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं. पहिला टप्पा नीट चालला, मोजमापं मिळाली, म्हणून अभियंत्याच्या दृष्टीने ते खोटं नाही. पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात दुसराच शब्द असेल. दोन्ही शब्द तारखेसकट समोरासमोर मांडा. कोण बरोबर हे ठरवायच्या भानगडीत पडू नका.

वर्तमानपत्रं पाहताना एक सापळा आहे. १० ऑगस्टच्या सकाळचं उड्डाण, म्हणजे बातमी ११च्या अंकात. पण ११ ऑगस्टला गुजरातेत मोरबीजवळचं मच्छू धरण फुटलं आणि पुढचे कित्येक दिवस पहिलं पान त्यानेच भरलं. त्यात दिल्लीत सरकार डळमळत होतं: मोरारजी देसाईंनी १५ जुलैला राजीनामा दिला होता, चरणसिंगांनी २० ऑगस्टला दिला आणि २२ला लोकसभा विसर्जित झाली. त्यामुळे रॉकेटची बातमी लहान दिसली तर ‘समाजाला विज्ञानात रस नव्हता’ असा निष्कर्ष घाईने काढू नका. आणि लोकसभेतला प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरात शोधत बसू नका, विचारायला सभागृहच उरलं नव्हतं. संसदेचं डिजिटल ग्रंथालय फोनवर फुकट उघडतं. तिथे १९८०ची सातवी लोकसभा चाळा. जुन्या अंकांसाठी आधी जळगावच्या व. वा. वाचनालयात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणत्या वर्षांच्या फाइली आहेत ते फोनवर विचारा, मगच एसटीत बसा. बांधीव फाइलीचा फोटो काढताना पानावरची तारीख आणि आवृत्तीचं नाव चौकटीत आलंच पाहिजे. नुसतं कात्रण महिनाभराने निकामी होतं.

अवकाश विभागाचा वार्षिक अहवाल एप्रिल ते मार्च असा असतो. तुमचे तिन्ही महिने १९७९-८० च्या अहवालात येतात, दुरुस्तीची हकिगत १९८०-८१ च्या. कधी १९७२च्या मागे जावं लागलं तर अवकाश विभागात काही सापडणार नाही, कारण तोपर्यंत हा कारभार अणुऊर्जा विभागाकडे होता. त्यांचे अहवाल पाहा. नावांचंही तसंच. आज सतीश धवन केंद्र म्हणतात ते २००२ पर्यंत ‘शार’ होतं. ‘भास्कर’ बांधला जात असताना कागदोपत्री पृथ्वी-निरीक्षण उपग्रह, ‘एसईओ’ होता. आजच्या नावाने शोधलंत तर १९७९चा कागद समोर असून दिसणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर जुनं नाव, नवं नाव आणि बदलाचं वर्ष अशा तीन रकान्यांचा तक्ता आखून ठेवा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका, पण प्रकल्प त्याच्या भरवशावर ठेवू नका. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अवकाश विभाग निवडायचा, फी १० रुपये. अर्ज मराठीतही करता येतो. साध्या इंग्रजीत केला तर उत्तराला फाटे कमी फुटतात. ‘रॉकेट का पडलं?’ असं विचारू नका. मत किंवा कारण देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. म्हणून ‘१० ऑगस्ट १९७९ च्या एसएलव्ही-३ उड्डाणाच्या अपयश-विश्लेषण अहवालाची प्रत’ असा कागद मागा. कलम ८(३) चा उल्लेख करा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्याबद्दलचं ते कलम. मात्र त्यालाही अपवाद आहेत, आणि देशाच्या सामरिक व वैज्ञानिक हितसंबंधांचं ८(१)(क) त्यातलंच. नकार आला तर तोही कागदच आहे: तारीख आणि कलमासकट तळटीपेत जाईल. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला पुढचे ३० दिवस. चार महिन्यांत एवढीच एक फेरी बसते.

आता बखरीकडे. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन यांनी १९७९च्या अपयशाची जबाबदारी पत्रकारांसमोर स्वतः घेतली आणि १९८०च्या यशाच्या वेळी एसएलव्ही-३चे प्रकल्पप्रमुख कलाम यांना पुढे केलं, ही गोष्ट तुम्ही उतरवलीच असेल. ती आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः कलामांच्या पुढच्या काळातल्या भाषणांतून. वापरा, पण ‘कलामांनी नंतर सांगितल्याप्रमाणे’ असं लिहून. आणि ११ ऑगस्टच्या अंकात कोण काय बोलल्याचं छापलंय ते शेजारी ठेवा. जुळलं तरी पान, नाही जुळलं तरी पान.

स्कायलॅबचा भाग मात्र तुम्ही बंगळुरूच्या अभ्यासकापेक्षा चांगला करू शकता, कारण त्याचे साक्षीदार तुमच्या गल्लीत बसलेले आहेत. ज्यांचं वय आज साठ-पासष्टच्या पुढे आहे, त्यांना स्कायलॅब आपल्याच डोक्यावर पडेल या भीतीचा तो आठवडा आठवतो. कारणाची बाजू थोडक्यात अशी: स्कायलॅब १९७३ मध्ये वर गेलं. सूर्याची हालचाल अंदाजापेक्षा वाढली, तापून वरचं वातावरण फुगलं, घर्षण वाढलं, कक्षा खाली आली. तिला वर ढकलायला येणारं स्पेस शटल वेळेत तयार झालं नाही. ते पहिल्यांदा उडालं १९८१ मध्ये. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तारखेत मात्र गफलत होते: भारतीय वेळेने ११ जुलैची रात्र, साधारण दहा, पण जिथे ते पडलं तिथे मध्यरात्र उलटून १२ जुलै सुरू झाला होता. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर कुणीही चुकलेलं नाही.

मुलाखती दहा-बारा पुरेत. निम्म्या तरी बायकांच्या घ्या. ओट्यावर बसलेल्या बाबांपाशीच गाडी थांबते, असं होतं. ‘तुम्ही घाबरला होतात का?’ असं विचारलंत तर हो किंवा नाही एवढंच मिळेल. त्याऐवजी तेव्हा शेतात काय चाललं होतं, रेडिओ कुणाच्या घरी होता, बातमी कुणी आणली, शाळा भरली होती का, असं विचारा. बोलणं अहिराणीत होऊ द्या आणि उतरवतानाही अहिराणीच ठेवा. प्रमाण मराठी खाली द्या. एक घोटाळा हमखास होईल. सात महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९८० ला, देशात खग्रास सूर्यग्रहण झालं आणि तेव्हाही लोक दारं लावून बसले. आठवणीत या दोन्ही भीती एकमेकींत मिसळतात. ‘पाऊस होता की थंडी?’ हा एक प्रश्न त्या वेगळ्या करतो. मुलाखत देणाऱ्याची रेकॉर्डिंगला संमती आधी घ्या, ती संमतीही रेकॉर्डवर घ्या, आणि प्रकल्पात खऱ्या नावाऐवजी गाव, वय आणि व्यवसाय एवढंच लिहा.

‘भास्कर’चं प्रकरण छोटं ठेवा. दोन टीव्ही कॅमेरे, एक सूक्ष्मलहरी रेडिओमीटर, समुद्र, जंगल आणि पाण्याचं निरीक्षण. वजन कुठे ४४२ किलो सापडेल, कुठे ४४४. सरासरी काढू नका. दोन्ही आकडे उगमासह द्या. पाटण इथे आणा: अधिकृत माहितीनुसार हे नाव एका भास्कराचं नाही, दोघांचं आहे, सातव्या शतकातला पहिला आणि आपला बाराव्या शतकातला दुसरा. सत्तरच्या दशकातल्या सरकारला परक्या रॉकेटवर बसणाऱ्या उपग्रहाला जुन्या गणितींचं नाव का द्यावंसं वाटलं, हा इतिहासाचा चांगला प्रश्न आहे, आणि त्याला शिलालेखाचा फोटो शोभेल.

तुमच्या मुखपृष्ठावरचा फोटो मात्र काढा. बैलगाडीवर आहे ते रॉकेट नाही, ‘अ‍ॅपल’ हा उपग्रह आहे. तो १९ जून १९८१ ला युरोपच्या एरियान रॉकेटवर गेला. सायकलवरचा फोटो वेगळा, थुंब्याचा, साठच्या दशकातला. त्यात रॉकेटचा एक भाग आहे. दोन्ही फोटो एकत्र करून ‘पहिलं रॉकेट बैलगाडीवरून नेलं’ अशी तिसरीच गोष्ट तयार झाली आहे. शिवाय बैलगाडी ही गरिबीची खूण नव्हती. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती. लोखंडी गाडीवर ठेवला असता तर लहरी तिच्यावर आपटून परत आल्या असत्या आणि मापन बिघडलं असतं. लाकडी, चुंबकीय नसलेली आणि हळू चालणारी गाडी हवी होती, ती बैलांची मिळाली. फोटो वापरायचाच असेल तर साधनांच्या चिकित्सेच्या प्रकरणात वापरा, तिथे तो मोलाचा आहे.

एककांबद्दल दोन ओळी. जुन्या कागदांत जोर कधी किलोत, कधी पौंडात, कधी न्यूटनमध्ये असतो. मैल साधा की सागरी हेही सांगितलेलं नसतं. सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं अमेरिकेचं एक यान पौंड आणि न्यूटन यांच्या घोळात नष्ट झालं, फरक ४.४५ पटींचा. मूळ आकडा मूळ एककात लिहा, रूपांतर शेजारी.

खानदेशचं तेव्हाचं चित्र जोडायची हौस असेल तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं फुकट मिळतात. भारताचं स्वतःचं ग्रहण केंद्र १९७९-८० च्या सुमारास हैदराबादजवळ सुरू झालं. त्याआधीची चित्रं यानावरच्या टेपवर अवलंबून असायची, म्हणून विरळ आहेत. पावसाळ्यातली तर ढगांनी भरलेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शोधा. फाइलवर ६० मीटर लिहिलेलं असेल, पण तो नंतर बसवलेला आकडा. कॅमेऱ्याला प्रत्यक्षात ७९ मीटरचा ठिपका दिसायचा, म्हणजे सुमारे दीड एकर. तापीचं पात्र आणि धरणाचं पाणी दिसेल, रावेरची एकेकट्याची केळीची बाग दिसणार नाही. आणि पहिल्या तीन लँडसॅटवर प्रकाशाच्या पट्ट्यांचे (बँड) क्रमांक ४ ते ७ आहेत, १ ते ४ नाहीत. फोनवरच्या सूचना नव्या उपग्रहांच्या असल्या तर नदी लाल आणि शेत निळं दिसायला लागेल.

प्रवास एकच ठेवा, आणि तो अहमदाबादचा. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये काढलेली भौतिकी संशोधन प्रयोगशाळा तिथे आहे, आणि जळगावहून नंदुरबार-सुरत लाइनीने ते बंगळुरूपेक्षा कितीतरी जवळ. ग्रंथालयात बसायची परवानगी कॉलेजच्या पत्रावर आधी मागा. पत्रात विषय एका ओळीत, हव्या असलेल्या अहवालांची वर्षं आणि तुमच्या मुक्कामाच्या तारखा हव्यात. ‘अवकाश तंत्रज्ञानाची माहिती हवी’ असं लिहून गेलेल्या पत्राला बहुधा माहितीपुस्तिका येते. हे पत्र आणि माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात रवाना करा; उत्तरं येईपर्यंत गल्लीतल्या मुलाखती उरकतात.